ऑर्केस्ट्रा चालवायचा, तर आधी वही घाला

कोल्हापुरात गाणारा माणूस शोधावा लागत नाही. पेठेतल्या कुठल्याही तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसा, तासाभरात एक किशोरकुमार भेटतो आणि त्याला ओळखणारा ढोलकीवालाही. त्यामुळे इथं ऑर्केस्ट्रा काढणं सोपं आहे. दिवाळीला नाव ठरतं, फ्लेक्स लागतो, पहिला कार्यक्रम नातेवाईकांच्या जोरावर हाऊसफुल्ल होतो. पुढच्या दिवाळीला मात्र कीबोर्डवाला दुसऱ्या ग्रुपमध्ये वाजवताना दिसतो.

मला गळा नाही, म्हणून आमच्या ग्रुपचा हिशेब माझ्याकडे आला आणि वीसेक वर्षं माझ्याकडेच राहिला. सुरुवातीची चार वर्षं आमच्याकडे गाण्यांची यादी होती, पट्ट्यांची होती, अगदी केबल किती फूट आहे त्याचीही होती. प्रेक्षकांची वही मात्र नव्हती. दर कार्यक्रमाला आम्ही गावभर नव्यानं ओरडत सुटायचो आणि मागच्या वेळी तिसऱ्या रांगेत बसून दाद देणारा माणूस कोण, हे कुणालाच माहीत नसायचं. खालचं सगळं त्या चार वर्षांच्या फीमधून शिकलेलं आहे. सिनेसंगीताचा ऑर्केस्ट्रा डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, पण नाटकाच्या, नृत्याच्या किंवा शास्त्रीय संगीताच्या संस्थेलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कोण पैसे देणार?

उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते, तेव्हा त्यांना तिकिटं खपवायची नव्हती. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ साली ते खुलं झालं, शेजारी कुस्तीसाठी खासबाग मैदान होतंच. गाणं, नाटक आणि कुस्ती, तिघांच्या मागं एकच खजिना उभा होता. पण त्याच गावात १८८३ पासून देवल क्लबही होता. गाण्याची आवड असलेल्या माणसांनी एकत्र येऊन चालवलेली ती संस्था. राजाश्रय गेला, देवल क्लब अजून आहे. मला विचाराल तर संस्था चालवणाऱ्यानं या गोष्टीवर तालमीच्या आधी अर्धा तास विचार करावा.

आजच्या ऑर्केस्ट्राला पैसे चार वाटांनी येतात: सुपारी (दुसऱ्यानं ठरलेल्या पैशांत बोलावलेला कार्यक्रम), तिकीट, सभासद वर्गणी आणि प्रायोजक. सुपारीत गणपती मंडळ, गावची जत्रा, लग्नाची संगीत संध्या, पतसंस्थेचा वर्धापनदिन असं सगळं धरा. सुपारीनं वादकांची चूल पेटते, तिकिटाच्या कार्यक्रमानं नाव होतं. फक्त सुपाऱ्या घेणाऱ्या ग्रुपला पाच वर्षांनी स्वतःचा एकही प्रेक्षक नसतो, कारण समोर बसलेली माणसं मंडळाची असतात. आणि फक्त तिकिटावर जगायला निघालेला ग्रुप दुसऱ्या पावसाळ्यात मोडतो. दोन्ही ठेवा, पण वह्या वेगळ्या ठेवा.

खर्च आधी कागदावर

समजा ५०० खुर्च्यांचं सभागृह आहे. वादक, गायक आणि निवेदक मिळून १५ जण, सरासरी २,५०० रुपये धरले तर ३७,५००. तीन तालमी, ९,००० (तालमीचे पैसे द्यायचे, यावर पुढं बोलतो). साउंड आणि लाइट २५,०००. सभागृह १५,०००. छपाई आणि जाहिरात ८,०००. गाण्यांचे हक्क आणि परवानग्या ६,०००. टेम्पो, चहा, जेवण ५,५००. किरकोळ ४,०००. बेरीज १,१०,००० होते. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण रकाने हेच. ‘किरकोळ’ हा रकाना कुणी खोडायला सांगितलं तर ऐकू नका. ऐनवेळी जनरेटरचं डिझेल आणि फुटलेली ढोलकीची पुडी त्यातूनच निघते.

आता जमा. तिकीट ३००, २०० आणि १००. चांगल्या दिवशी ३०० तिकिटं खपली, सरासरी २०० पडले, तर ६०,०००. म्हणजे चांगल्या दिवशीही ५० हजारांचा खड्डा. हे तुमचं अपयश नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच हे दाखवून दिलं होतं. कारखान्यात यंत्र आलं की तेवढ्याच माणसांत माल जास्त निघतो, पण पाच मिनिटांचं गाणं वाजवायला पन्नास वर्षांपूर्वी जितके वादक आणि जितका वेळ लागायचा तितकाच आजही लागतो. बाकीच्या जगातली मजुरी वाढते, तशी वादकाचीही वाढवावी लागते, आणि तिकीट मात्र त्या वेगानं वाढवता येत नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत नवं मशिन बसवून उत्पादन दुप्पट करता येईल, ढोलकीवाल्याला दुप्पट वेगानं वाजवायला लावून कार्यक्रम लवकर संपवता येत नाही. (तसं करणारे निवेदक मी पाहिलेत, ती गोष्ट वेगळी.)

सभासद: १५० माणसं गोळा करा

आमची गाडी इथं रुळावर आली. वर्षाला चार कार्यक्रम, सभासद वर्गणी ८०० रुपये, आणि जागा ३०० रुपयांच्या विभागात राखीव. सभासदाला १,२०० चा माल ८०० त मिळतो. १५० सभासद झाले तर १,२०,०००, म्हणजे कार्यक्रमाला ३०,०००.

हिशेबात हुशार असलेला लगेच विचारतो की यात फायदा काय? चांगल्या दिवशी खरंच नाही. सभासदांचे ३०,००० आणि उरलेली १५० तिकिटं सरासरी १७० नं, म्हणजे २५,५००. एकूण ५५,५००. सभासद नसताना ६०,००० आले असते. पण वाईट दिवस बघा. धुवाधार पाऊस, वर भारताची मॅच. नुसत्या तिकिटावर १२० माणसं येतात, २४,००० जमतात. सभासद असतील तर ३०,००० आधीच खात्यात आहेत, वर ६० तिकिटं खपली तरी १०,२००. एकूण ४०,२००. शिवाय ते १,२०,००० वर्षाच्या सुरुवातीला हातात येतात, त्यामुळे सभागृहाचं डिपॉझिट भरायला सावकाराकडं किंवा सासऱ्याकडं जावं लागत नाही.

सभासद करायला दारोदार फिरू नका, जिथं माणसं आधीच जमतात तिथं जा. ज्येष्ठ नागरिक संघ, महिलांची भिशी, रंकाळ्यावर रोज पहाटे फिरणारे ग्रुप, बँक आणि शाळांचा निवृत्त स्टाफ. दोन गायक आणि एक कीबोर्ड घेऊन त्यांच्या बैठकीत वीस मिनिटं गा, आणि मग वही काढा. एका भिशीतून एकदम अकरा सभासद मिळाले होते. त्यातल्या नऊ आजही आहेत, आणि कार्यक्रमात कुठलं गाणं घ्यायचं हे त्या मला फोन करून सांगतात, विचारत नाहीत.

वहीचे रकाने असे ठेवा: नाव, फोन, भाग, कुणी आणला, कुठल्या कार्यक्रमाला आला, कुठं बसला, आवडता गायक किंवा काळ, आणि शेवटी एक मोकळा रकाना. संगणकावर ठेवलीत तर उत्तमच, पण दारात उभ्या असलेल्या पोराला कागदावर लिहिता आलं पाहिजे.

प्रायोजक

उरलेला खड्डा प्रायोजक आणि सुपाऱ्यांतून भरायचा. प्रायोजकाकडे ‘कलेला मदत करा’ म्हणत गेलात तर पाचशे रुपये आणि चहा मिळतो. गुजरीतल्या सराफाला तुमच्या सभासदांत पन्नाशीच्या पुढच्या किती बायका आहेत ते सांगा, पतसंस्थेला किती निवृत्त माणसं येतात ते सांगा. हे आकडे वहीतूनच निघतात. मागताना एका कार्यक्रमाचं नको, वर्षाचं मागा, आणि बदल्यात काय देणार ते लिहून द्या: पडद्यावर नाव, पुढच्या रांगेत अमुक इतके पास, निवेदनात दोन उल्लेख. दोनच. निवेदक दर गाण्याआधी दुकानाचा पत्ता सांगायला लागला की लोक चहाला उठतात.

एकदा एका मोठ्या प्रायोजकाच्या शब्दावर आम्ही मुंबईचा गायक ठरवला. चेक कार्यक्रमानंतर मिळाला आणि वटलाच नाही. ते पैसे आम्ही नऊ सुपाऱ्यांतून फेडले. तेव्हापासून पैसे खात्यात आल्याशिवाय लोगो छापायला जात नाही.

वेळही साधावी लागते. आपल्याकडं पैसा उसाच्या मागं फिरतो. कारखान्यांची बिलं निघायला लागली की दुकानदारही मोकळ्या हातानं बोलतो. जून-जुलैत शाळेची फी आणि पेरणी असते, तेव्हा वर्गणी मागायला जाऊ नका.

नोंदणी आणि परवानग्या

हौस म्हणून वर्षाला दोन कार्यक्रम करणार असाल तर बँकेत खातं आणि दोघांची सही एवढं पुरे. वर्गणी, देणगी घ्यायची, शासनाच्या योजनेसाठी अर्ज करायचा, तर संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचं धर्मादाय कार्यालयही आलंच. दरवर्षी हिशेबतपासणी, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत फेरफार अहवाल. हा अहवाल न दिल्यामुळे कागदोपत्री वारलेल्या माणसाला अध्यक्ष ठेवणाऱ्या संस्था मला माहीत आहेत. मग एक दिवस बँक सही मागते.

करांचं थोडक्यात: तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी लागत नाही. लोककला आणि शास्त्रीय कलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराला एका प्रयोगाचे दीड लाखापर्यंत मिळाले तर तेही करमुक्त आहे, पण सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा त्यात बसत नाही. सुपाऱ्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांकडं सरकायला लागली की सीएकडं जा, नंतर नाही.

नाटक किंवा वग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमाला रात्री १० ची वेळ पक्की धरा. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, बारापर्यंत सूट मिळू शकते, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. यादी भिंतीवर चिकटवा. बंदिस्त सभागृहातल्या आवाजाला ही वेळ तशी लागू नाही, पण सभागृहाचा वॉचमन दिवे मालवायला लागतोच.

गाण्यांचे हक्क

इथं बहुतेक ग्रुप डोळे झाकून पुढं जातात, म्हणून जरा थांबतो. दुसऱ्यानं लिहिलेलं आणि संगीत दिलेलं गाणं तुम्ही स्टेजवर गाता, तेव्हा त्या गीताच्या आणि चालीच्या जाहीर सादरीकरणाचा हक्क लागतो. भारतात गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशकांच्या वतीनं हा परवाना आयपीआरएस ही संस्था देते. कार्यक्रमाआधी ऑनलाइन अर्ज करून, खुर्च्या, तिकीट वगैरे माहिती भरून फी भरायची. सादर केलेल्या गाण्यांची यादी देताना गीतकार आणि संगीतकारांची नावं नीट लिहा. पैसा त्यांच्यापर्यंत त्या यादीवरूनच जातो.

वादक कमी करून ट्रॅकवर गाणार असाल किंवा मध्यंतरात मूळ रेकॉर्ड लावणार असाल, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क हा वेगळा विषय आहे आणि त्याची परवानगी त्या हक्काच्या मालकाकडून वेगळी घ्यावी लागते. कायद्यात हौशी मंडळांना सवलत आहे: हौशी क्लब किंवा संस्थेनं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेलं सादरीकरण. ‘गणपतीचा कार्यक्रम आहे, फुकट आहे’ म्हणून सुपारी घेऊन आलेला ऑर्केस्ट्रा हौशी ठरत नाही. सुपारीच्या करारात परवाना कोण काढणार, मंडळ की तुम्ही, ते एका ओळीत लिहा. आणि कार्यक्रमाचं पूर्ण रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणं हा स्टेजवर गाण्याच्या परवान्याचा भाग नाही. जाहिरातीसाठी तालमीतले, चहाचे, साउंडचेकचे तुकडे टाका. लोकांना तेच जास्त आवडतात.

वादक

आपल्याकडचा चांगला वादक तीन ग्रुपमध्ये असतो. त्याला शपथा घालून काही होत नाही. तारखा लवकर द्या, तालमीचे थोडे का होईना पैसे द्या, आणि मानधन त्याच रात्री, वाद्य खोक्यात जायच्या आत हातात ठेवा. ‘उद्या फोन करतो’ हे वाक्य आमच्या ग्रुपमध्ये बंद आहे. मानधन कमी असलं तर आधी सांगा, वादक समजून घेतो. उशीर तो लक्षात ठेवतो.

प्रत्येक वाद्याला एक बदली माणूस वहीत हवा, आणि त्याला वर्षातून एकदा तरी वाजवायला बोलवा. प्रत्येक गाण्याची फाइल ठेवा: पट्टी, सुरुवातीचे तुकडे, कुठं थांबायचं. पट्टी गायकाच्या तोंडून आयत्या वेळी ऐकू नका, सर्दी झालेला गायकही काळी चारच सांगतो. गायिका इचलकरंजीची किंवा गडहिंग्लजची असेल तर रात्री तिला घरी सोडणारी गाडी खर्चात धरा. आणि तांबडा-पांढरा कार्यक्रमानंतर. आधी जेवलेल्या कोरसचा आवाज मी ऐकलाय.

सुपारीचा करार एका पानाचा करा: वेळ, स्टेजचं माप, वीज, किती माणसं जेवायला, पाऊस आला तर काय. निम्मे पैसे तारीख देताना, उरलेले मध्यंतराच्या आत. जत्रेत कमिटीचा खजिनदार शेवटच्या गाण्याला हमखास गायब होतो.

जागा आणि जाहिरात

सभागृहाची तारीख आधी, गायक नंतर. आणि दुसऱ्या जागेची माहिती कायम तयार ठेवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्याच नावाचं नाट्यगृह, म्हणजे तेच जुनं पॅलेस थिएटर, जळालं. अख्खं गाव हळहळलं, पण संस्थांना दुसऱ्या दिवसापासून जागेच्या शोधात फिरावं लागलं. शाहू स्मारक भवन धरून गावातल्या आणि आसपासच्या प्रत्येक जागेचं पान वहीत करा: खुर्च्या, स्टेजची रुंदी, वीज किती झेपते, टेम्पो मागच्या दारापर्यंत जातो का, दुचाक्या कुठं लावायच्या.

कार्यक्रमाला विषय द्या. ‘सदाबहार गीतांची मैफल’ म्हटल्यावर कुणी घरातून उठत नाही. एक संगीतकार, एक दशक, फक्त द्वंद्वगीतं, फक्त पावसाची गाणी, असं काहीतरी ठरवा, म्हणजे माणूस दुसऱ्याला एका वाक्यात सांगू शकतो. ४५ दिवस आधी सभासदांना तारीख कळवा, तीन आठवडे आधी प्लॅन (खुर्च्यांचं बुकिंग) उघडा आणि पहिले तीन दिवस फक्त सभासदांच्या ओळखीच्यांना तिकीट द्या. फ्लेक्स दहा दिवस आधी, महापालिकेच्या परवानगीनं, आणि त्यावर वार, वेळ, जागा आणि तिकीट दर मोटारसायकलवरून वाचता आले पाहिजेत. आठ कलाकारांचे आणि चौदा मार्गदर्शकांचे फोटो लावलेत तर गाण्याचा कार्यक्रम आहे की वाढदिवस, ते कळत नाही.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. म्हणून तिकीट देतानाच समोरच्याच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून घ्या. तिकीटपुस्तकं ग्रुपमधल्या प्रत्येकाला द्या, स्थळप्रतीवर नाव-फोन लिहून घ्या, आणि चार दिवस आधी सगळी परत मागवा. ‘खपतील’ म्हणून घरी ठेवलेली पुस्तकं शेवटच्या संध्याकाळी कोरी परत येतात.

पासांचं काय करायचं ते लेखी ठरवा. आमच्या एका कार्यक्रमाला पहिल्या दोन रांगा पासवाल्या पाहुण्यांसाठी राखल्या होत्या. पाहुणे आले नाहीत, मागं तिकीट काढलेली माणसं दाटीवाटीनं बसली, आणि गायिका दोन तास रिकाम्या खुर्च्यांकडं बघून गायली. आता पासाची जागा पहिल्या गाण्यापर्यंतच राखीव असते, नंतर मागच्यांना पुढं बोलावतो. हे पासावर छापलेलं आहे.

त्या दिवशी आणि नंतर

साउंडचेक तीन तास आधी, दार अर्धा तास आधी, पहिलं गाणं दिलेल्या वेळेला. सत्कार मध्यंतरानंतर, पाच मिनिटांत. दाराशी एक टेबल, दोन मुलं आणि वही. कोण आलं, कुणाबरोबर आलं.

तीन दिवसांनी बसा. आधी हिशेब सगळ्यांसमोर वाचा, तोट्याचा असला तरी. मग वहीतल्या त्या मोकळ्या रकान्याकडं वळा. तो न आलेल्यांसाठी आहे. पैसे भरूनही जे सभासद आले नाहीत, त्यांना फोन करायचा. तक्रार म्हणून नाही, चौकशी म्हणून. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणी मुलाकडं पुण्याला गेलेलं असतं. आमच्या एका सभासद काकू सलग तीन कार्यक्रमांना आल्या नव्हत्या. मी समजलो, कंटाळल्या. फोन केला तर म्हणाल्या, “अहो, तुमचं संपेपर्यंत आमची शेवटची केएमटी बस जाते. रिक्षावाला रात्रीचे दुप्पट मागतो, आणि मी एकटी.” वही चाळली तर त्या भागातले आणखी सात जण तसेच न येणारे निघाले. पुढचा कार्यक्रम आम्ही संध्याकाळी साडेपाचला ठेवला.